बायकांची सभा

या व्याख्यानमालेत इतिहासावर बोलणारा वक्ता बहुधा राजे, लढाया आणि तहनामे घेऊन येतो. आम्ही आज एक सतरंजी घेऊन आलो आहो. मराठी प्रॉटेस्टंट मंडळीच्या प्रार्थनामंदिरात, आणि मंदिर नसेल तेथे कोणाच्या तरी ओटीवर, आठवड्यातून एकदा दुपारची भांडीकुंडी आटोपल्यावर अंथरली जाणारी ती सतरंजी. तिच्यावर दहा-पंधरा बाया बसतात. एक जण गीत काढते, एक जण वचन वाचते, एक जण मोठ्याने प्रार्थना करते आणि शेवटी एक लहानशी थैली हातोहात फिरते. बाहेरच्या माणसाला यात इतिहास दिसणार नाही. आम्हांलाही पुष्कळ दिवस दिसला नव्हता. परंतु त्या थैलीचा दोरा धरून मागे जाऊ लागलो म्हणजे तो नगरला जातो, केडगावला जातो, समुद्र ओलांडून बॉस्टनला जातो आणि एका वळणावर तर दक्षिण अमेरिकेतील चिली देशापर्यंत पोचतो.

हा विषय हिंगोलीत कशासाठी, असे कोणी विचारील. हिंगोली ही 1819 पासून 1903 पर्यंत निजामाच्या हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी होती. छावणीबरोबर जो ख्रिस्ती धर्म येतो तो अधिकाऱ्यांचा आणि त्यांच्या भाषेतला. शेजारच्या वाडीतल्या मराठी बाईला त्याच्याशी काही कर्तव्य नव्हते. मराठी बोलणारी मंडळी उभी राहिली ती या मुलखाच्या भोवतालच्या दुसऱ्या केंद्रांतून. पश्चिमेस नगर, तेथे अमेरिकन मराठी मिशन. जवळच जालना, तेथे नारायण शेषाद्रींनी वसविलेले बेथेल गाव. आणि उत्तरेस वाशीम, तेथे आधी मेथॉडिस्ट व मग नाझरेन मिशन. या सर्वांची आपापसांत मतभेदांची कमतरता नव्हती. पण बायकांची सभा सर्वांकडे होती, आणि तिची ठेवणही बव्हंशी एकच होती.

दुसरेही एक कारण आहे. नामदेवांची नरसी येथून हाकेच्या अंतरावर, आणि त्यांच्या घरी दळणकांडण करणारी जनाबाई गंगाखेडची. बायकांनी एकत्र बसून देवाचे नाव घ्यावे ही गोष्ट या प्रांताला मिशनऱ्यांनी येऊन शिकवावी अशी नव्हती. जात्यापाशी, पाणवठ्यावर, दिंडीत ते चाललेच होते. मग नवे काय होते? आमच्या मते नवे होते ते तीन जिनसांत : थैली, कार्यवृत्ताची वही आणि अध्यक्षीण. ओवी गाणारी बाई आपल्या दुःखाची मालकीण होती. पण जमलेल्या पैशाचा हिशेब ठेवून तो कोठे खर्चावा हे बहुमताने ठरविण्याचा प्रसंग तिच्यावर आला नव्हता.

हा प्रसंग अमेरिकेतील बायकांवर तरी केव्हा आला? 1800 साली. बॉस्टन शहरात मेरी वेब नावाची एक तरुण स्त्री होती. तिचे पाय लुळे. चाकांच्या खुर्चीवाचून तिला हलता येत नसे. तिने त्या वर्षी चौदा बायका जमवून मिशनकार्यासाठी स्त्रियांची एक संस्था काढली. दोनच वर्षांनी त्याच शहरात आठवड्याला एक सेंट देणाऱ्या बायकांचे मंडळ निघाले, आणि अशी सेंट-मंडळे गावोगाव झाली. सेंट म्हणजे तेथला पैसा. एवढ्याशा रकमेचे कौतुक कशाला, असे वाटेल. पण त्या काळच्या तेथील कायद्याप्रमाणे लग्न झालेल्या बाईची मिळकत नवऱ्याची होत असे, हे ध्यानी घेतले म्हणजे आठवड्याचा तो सेंट निराळा दिसू लागतो. घरखर्चातून, लोण्याअंड्यांतून, एखादा जिन्नस कमी खाऊन वाचविलेला तो पैसा होता. आमच्या घरांतूनही डाळीच्या डब्यात असा पैसा असतो, आणि त्याची खबर घरधन्यास नसते. फरक इतकाच की त्या बायकांनी डबे एकत्र आणले आणि त्यांची वही घातली.

या पैशाला पाय फुटून तो आपल्याकडे आला. 1827 च्या अखेरीस मिस सिंथिया फरार मुंबईस उतरल्या. परदेशी मिशनकार्यास निघालेल्या अगदी पहिल्या अविवाहित स्त्रियांत त्यांची गणना होते. मुंबईत मुलींच्या शाळा चालवून 1839 मध्ये त्या नगरास गेल्या आणि 1862 साली तेथेच वारल्या. चौतीस-पस्तीस वर्षे हा काही हवापालटाचा मुक्काम नव्हे. त्यांच्या नगरच्या मुलींच्या शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिल्या, आणि पुढे 1848 मध्ये पुण्यास मुलींची शाळा काढताना त्या पाहिलेल्या शाळांचा आपल्या मनावर परिणाम झाला होता हे त्यांनी मोकळेपणाने सांगितले आहे. मिशनशी जोतीरावांचे सर्व बाबतींत जमले असे नाही. पण ज्याचे त्यास देण्याचा त्यांचा स्वभाव होता.

पुढे अमेरिकेत यादवी युद्ध झाले. घरचे पुरुष रणांगणावर असताना दवाखान्यांची, कपड्यालत्त्यांची, वर्गणीची कामे बायकांनी केली होती. ती सवय युद्धानंतर स्वस्थ बसू देईना. न्यूयॉर्कला 1861 मध्येच सुरुवात झाली होती; पुढे 1868 मध्ये बॉस्टनला काँग्रिगेशनल पंथाच्या आणि 1869 मध्ये मेथॉडिस्ट पंथाच्या स्त्रियांची स्वतंत्र मिशनमंडळे झाली. त्यांचे म्हणणे साधे होते. पूर्वेकडील घरांच्या माजघरात पुरुष मिशनऱ्याला पाऊल टाकता येत नाही. तेथे बाईच पाहिजे. आणि बाई पाठवावयाची तर तिचा पैसा बायका उभा करतील व तिचे काम बायकाच ठरवितील. पहिल्या दोन वाक्यांना पुरुषमंडळींनी मान डोलाविली. तिसऱ्याला तितकीशी नाही.

येथे एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. बॉस्टनच्या मंडळाने जे मासिक काढले त्याच्या नावातच ‘अधर्मी स्त्रियांसाठी जीवन व प्रकाश’ असा भाव होता. पुढे ते नाव सौम्य करण्यात आले खरे. पण नगरच्या मिशनचा खर्च पुरविणाऱ्या त्या भल्या बायकांच्या मनात मराठी स्त्रीचे जे चित्र होते ते त्या पहिल्या नावात दिसते : अंधारात बसलेली, मुकी, कोणी दिवा आणील म्हणून वाट पाहणारी. दया करणाऱ्याला दयेचा विषय लागतो, आणि तो विषय जितका दीन तितकी वर्गणी अधिक, हा हिशेब कोणी मुद्दाम मांडीत नसले तरी तो मांडला जातोच. जिला मुकी समजले ती बोलू लागल्यावर काय झाले, हाच आमच्या व्याख्यानाचा खरा भाग.

बोलू लागलेली पहिली म्हणजे बायबलबाई. हे पद लंडनमध्ये 1857 च्या सुमारास एलन रॅन्यार्ड बाईंनी गरीब वस्तीसाठी काढले. गरिबांच्या घरी शिरावयाचे तर गरिबांतलीच बाई पाहिजे, ही त्यांची युक्ती. ती इकडे आली आणि येथे रुजली. काखेत पिशवी, पिशवीत शुभवर्तमानाच्या लहान पुस्तिका आणि एखादे अंकलिपीचे पुस्तक, पायी चाल. जेथे बसू दिले तेथे बसावयाचे, ऐकणाऱ्या बाईचे निवडणे-टिपणे चाललेले असे, त्यात हात घालावयाचा, आणि गोष्ट सांगावयाची. नगरच्या बाजूला मंडळीत आलेले लोक बहुतेक महार-मांग समाजांतले. म्हणजे आपण हे चित्र नीट पाहू या : जिच्या सावलीचाही विटाळ मानणारे गाव, त्या गावात त्याच समाजातली एक बाई हातात छापील पुस्तक घेऊन उभी आहे, आणि ते तिला वाचता येते. वाड्यातल्या बाईला येत नाही. सोप्याच्या पायरीखाली उभे राहून ती वाचते आणि वरची ऐकते. धर्मांतर किती झाले हा हिशेब मिशनच्या अहवालांत सापडेल. त्या पायरीवर काय उलटेपालटे झाले असेल, त्याला अहवालात रकाना नाही.

1855 मध्ये मुक्ता साळवे या जोतीरावांच्या शाळेतील मांग मुलीचा निबंध मिशनच्याच ‘ज्ञानोदया’त छापून आला होता, हे आपणांपैकी अनेकांना ठाऊक आहे. मुक्ता ख्रिस्ती मंडळीतली नव्हे. तरी तिचा प्रश्न छापण्यास जागा मिळाली ती तेथे. अक्षर हाती आलेली अस्पृश्य मुलगी काय विचारील याची चुणूक त्या निबंधात आहे. बायबलबाई तिच्या धाकट्या बहिणी म्हणाव्यात.

बायबलबाईच्या वेतनाची रीत मोठी विचार करण्यासारखी आहे. पुष्कळदा एका बाईचा खर्च समुद्रापलीकडील एखादे मंडळ उचलीत असे. इकडची मडम तिकडे पत्र लिही : आपली बाई अमुक गावी जाते, इतक्या घरी वाचते. तिकडच्या सभेत ते पत्र वाचले जाई आणि ‘आपली बाई’ म्हणून तिच्यासाठी प्रार्थना होई. दोघींनी एकमेकींस कधी पाहिलेले नसे. त्या दोघींमध्ये माया होती यात आम्हांला शंका वाटत नाही. पण ती माया उताराची होती. पत्र लिहिणारी वेगळी, ज्यांच्यासाठी लिहावयाचे त्या वेगळ्या, आणि जिच्याविषयी लिहावयाचे ती बहुधा नुसत्या एका नावाने येणारी. मिस फरार यांचे नाव आपण घेतले, कारण ते नोंदले गेले. त्यांच्यासाठी ज्यांनी दारे उघडविली त्या मराठी बायांची नावे घेण्याची सोय इतिहासाने ठेवलेली नाही.

मात्र सतरंजीवर नाव लागे. आठवड्याच्या सभेत हजेरी असे. ‘अमुकबाईंनी प्रार्थना केली’ असे वहीत लिहिले जाई. अमक्याची बायको किंवा तमक्याची आई या नावांनी जगणाऱ्या बाईला आपले नाव लिहिलेले पाहणे ही लहान गोष्ट नव्हती. मोठ्याने प्रार्थना करणे तर त्याहून अवघड. चारचौघींत, डोळे मिटून का होईना, स्वतःची वाक्ये जुळवून बोलावयाचे! आधी पाठ केलेले चार शब्द, मग हळूहळू घरची गोष्ट, आजारी लेकरू, दारुडा धनी, न आलेला पाऊस. आम्ही व्यासपीठावरची मोठमोठी भाषणे ऐकली आहेत. भाषणकलेचे शिक्षण याहून चांगल्या शाळेत मिळते असे आम्हांस वाटत नाही.

आणि त्या सतरंजीवर जात बसे की नाही? बसे. तिला उठविण्यास वेळ लागला. लक्ष्मीबाई टिळकांची हकीकत या बाबतीत बहुमोल आहे. त्यांचे यजमान, कवी नारायण वामन टिळक, 1895 मध्ये ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई झाल्या 1900 मध्ये. मधली पाच वर्षे सोवळेओवळे, ताटातूट आणि मनाशी चाललेला वाद यांत गेली. जात माणसांनी केली की देवाने, हा प्रश्न त्यांनी पुस्तक वाचून सोडविला नाही. स्वतःच्या चुलीपाशी बसून सोडविला, आणि सुटल्यावर सर्वांच्या हातचे खाल्ले. हे सर्व त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त इतक्या हसतमुखाने सांगितले आहे की त्यातला छळ वाचकाच्या मागाहून लक्षात येतो. जिला लिहिता-वाचता येण्यास लग्नानंतर सुरुवात झाली ती बाई 1933 मध्ये नागपूरच्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाची अध्यक्ष झाली. टिळकांची गीते आजही बायकांच्या सभेत म्हटली जातात, आणि त्यांत ओवी-अभंगाचे वळण आहे हे जनाबाईच्या मुलखात निराळे सांगावयास नको.

आता रमाबाई. पंडिता रमाबाईंनी ख्रिस्ती होण्यापूर्वीच, 1882 मध्ये, पुण्यात आर्य महिला समाज काढला होता. सभा भरविण्याचे शिक्षण त्यांना मिशनने दिले असे म्हणण्याची सोय नाही. 1883 मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 1886 मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या. तेथे त्यांनी जे केले त्याला आमच्या विषयात तोड नाही. मागण्यास गेल्या, पण मागणाऱ्याच्या जागी उभ्या राहिल्या नाहीत. डिसेंबर 1887 मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाले आणि तिच्याखाली गावोगाव ‘रमाबाई मंडळे’ निघाली. दर सभासदाने वर्षाला निदान एक डॉलर द्यावा, तो दहा वर्षे द्यावा. सेंट-मंडळांचीच ही रीत. पण आता योजना मराठी बाईची होती, आणि मंडळांना नावही तिचेच होते. एक पिढीपूर्वी ज्या सभांत आमच्या बाईविषयी पत्रे वाचली जात, त्या सभांपुढे आमची बाई उभी राहून बोलत होती.

त्या पैशावर 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदासदन उघडले. पुढील वर्षी ते पुण्यास गेले, आणि 1893 मध्ये तेथे वादळ झाले. सदनातील मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसतात यावरून गहजब उठला. रानडे-भांडारकरांसारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतले. दोन्ही बाजूंना बोलण्यासारखे होते. धर्मात ढवळाढवळ होणार नाही या भरवशावर पालकांनी मुली ठेवल्या होत्या, हे खरे. आणि आपल्या खोलीचे दार लावून प्रार्थना करा असे रमाबाईंना सांगणे म्हणजे त्यांनी जन्मभर तोडलेली कडीच पुन्हा घालणे, हेही खरे. आम्ही त्या वादात आज निवाडा देत नाही. एवढेच म्हणतो की प्रार्थनेला बसलेल्या चार मुली पाहून साऱ्या पुण्यास घाम फुटला, यावरून बायकांची सभा ही वाटते तितकी निरुपद्रवी वस्तू नव्हे.

1896-97 चा दुष्काळ आला. रमाबाई मध्यप्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे अनाथ मुली-बायका घेऊन आल्या. केडगावला मुक्तीसदन उभे राहिले. 1900 च्या गुजरातेतील दुष्काळानंतर वस्ती दीड-दोन हजारांवर गेली. तेथे माग होते, तेलाचा घाणा होता, शेतीवाडी होती, छापखाना होता, आणि ही कामे बायका करीत. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच छापखान्यात मुलींनी खिळे जुळवून छापले. रमाबाई 1922 मध्ये वारल्या. ग्रंथ 1924 मध्ये पूर्ण बाहेर आला.

केडगावची सतरंजी मोठी होती. जानेवारी 1905 मध्ये रमाबाईंनी रोज प्रार्थनेस बसणाऱ्या मुली मागितल्या. सत्तरेक पुढे आल्या. जूनपर्यंत त्या साडेपाचशे झाल्या आणि दिवसातून दोनदा बसू लागल्या, असे तेव्हाचे वृत्तांत सांगतात. जूनच्या अखेरीस तेथे जे धर्मजागरण झाले त्यात मुली रडल्या, हसल्या, कोसळल्या. पाहणाऱ्यांपैकी कोणी त्याला पवित्र आत्मा म्हटले, कोणी उन्माद. ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे समजावे. इतिहासाला दिसते ते पुढचे : या मुलींच्या टोळ्या करून त्या आसपासच्या खेड्यांत पाठविण्यात आल्या. दुष्काळात रस्त्यावरून उचलून आणलेली पोर सात-आठ वर्षांत दुसऱ्या गावी काही सांगावयास निघाली. तिच्या पाठीशी ना बॉस्टनचे मंडळ, ना मडमेचे पत्र.

आणि दोरा उलट्या दिशेने गेला. केडगावी मिनी एब्रम्स नावाच्या अमेरिकन बाई काम करीत होत्या. त्यांनी या घटनेवर 1906 मध्ये एक पुस्तिका लिहिली आणि तिची एक प्रत आपल्या जुन्या शाळासोबतिणीस पाठविली. ही सोबतीण, मे हूवर, चिली देशात वालपाराइसो बंदरात मेथॉडिस्ट मिशनऱ्याची पत्नी होती. ती पुस्तिका वाचून तेथे प्रार्थना सुरू झाल्या, 1909 मध्ये तेथेही धर्मजागरण झाले, आणि चिलीतील पेंटेकॉस्टल मंडळ्या आपला उगम त्या वर्षाकडे नेतात. त्या उगमापाशी केडगावच्या मुली आहेत. शंभर वर्षे दिवा तिकडून इकडे येत होता असे समजणाऱ्यांना ही हकीकत जरूर सांगावी.

इकडे मराठी बायका बोलू लागल्या होत्या, आणि तिकडे काय झाले ते पाहा. 1923 मध्ये अमेरिकेत प्रेस्बिटेरियन स्त्रियांचे मिशनमंडळ पुरुषांच्या बोर्डात विलीन करण्यात आले. 1927 मध्ये काँग्रिगेशनल बायकांचीही तीच गत झाली, म्हणजे नगरच्या कामाला आधार देणारे बॉस्टनचे मंडळ संपले. कारणे काटकसरीची आणि एकोप्याची सांगण्यात आली. आठवड्याच्या सेंटापासून उभारलेली तिजोरी इतकी मोठी झाली होती की ती बायकांच्या हाती ठेवणे आता सोयीचे वाटेना, असा आमचा तर्क आहे. तो कठोर वाटल्यास श्रोत्यांनी सोडून द्यावा. सर्वत्र असे झाले नाही. नाझरेन मंडळीतील स्त्रियांची मिशनसंस्था 1915 मध्ये निघाली ती टिकली. या मंडळीच्या वाशीम केंद्रात डॉ. ऑर्फा स्पायकर 1936 मध्ये आल्या, आणि दोन वर्षांनी तेथे रेनॉल्ड्स स्मारक रुग्णालय सुरू झाले. अशा रुग्णालयांसाठी तिकडच्या सभांत बायका जुन्या चादरी फाडून पट्ट्या गुंडाळीत आणि पेट्या भरून पाठवीत. वाशीम येथून फार दूर नाही. परक्या देशातल्या कोणा गृहिणीच्या चादरीची पट्टी या भागातल्या माणसांच्या जखमेवर बसली असेल.

स्वातंत्र्यानंतर परदेशी पैसा आटत गेला, परदेशी माणसेही गेली. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली. नगरच्या अमेरिकन मिशनची परंपरा ‘युनायटेड चर्च’मार्गे तिच्यात आली. मेथॉडिस्ट ऐन वेळी बाहेर राहिले, नाझरेनही वेगळेच. पुरुषांच्या वाटाघाटी चाळीस वर्षे चालून इतके साधले. बायकांनी मात्र निराळ्या पद्धतीने एक काम आधीच केले होते. 1927 पासून जगभरच्या ख्रिस्ती स्त्रिया एक प्रार्थनादिन पाळतात; हल्ली तो मार्च महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी असतो. त्या दिवशीची उपासना दर वर्षी एका वेगळ्या देशातील बायका लिहून देतात, आणि इतर देशांत ती भाषांतरित होऊन वाचली जाते. पंथ कोणता हे त्या दिवशी विचारीत नाहीत. आपल्याकडे मार्चच्या पहिल्या शुक्रवारी ऊन चांगलेच तापलेले असते. दुपारी एकीकडून दुसरीकडे बाया डोक्यावर पदर ओढून चालत जातात, कोणा दूरदेशीच्या बायकांनी त्यांच्या घरच्या अडचणींवर लिहिलेली प्रार्थना मराठीत मोठ्याने वाचतात, आणि मग थैली फिरते. तिच्यात जमलेले पैसे मोजून एक जण ते वहीत लिहिते, दुसरी सही करते.